जागच्या जागी उड्डाण

एसटीच्या चालकानं करकचून ब्रेक दाबला, की आपण पुढं फेकले जातो. डोळे मिटलेले असले तरी ते कळतं. कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय असतं, ते ही खबर देतं. वैमानिकांना शिकवणारं सिम्युलेटर नेमकं याच इंद्रियाला फसवतं.

या यंत्राचा उगम ऑर्गनच्या भात्यात आहे, हे वाचून मला मोठी मौज वाटली. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. तिथल्या भात्यांवर डुलणारं छोटं विमान लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलं.

आजच्या सिम्युलेटरमध्ये हुबेहूब कॉकपिट असलेली एक खोली सहा पायांवर उभी असते. हे पाय लांबतात, आखडतात; त्यामुळं खोली सर्व दिशांना सरकते आणि कलते. पण पाय लांबून लांबणार किती? साधारण दीड मीटर. धावपट्टीवर अर्धा मिनिट वेग घेणारं विमान एवढ्याशा जागेत कसं दाखवायचं?

युक्ती अशी. खोली आधी झटकन पुढं सरकते. पाठीला रेटा जाणवतो. मग ती मागं कलते, इतकी सावकाश की कानाला पत्ता लागत नाही. आता आपलंच वजन आपल्याला खुर्चीत दाबतं. पडद्यावरचं दृश्यही खोलीबरोबर कलत असल्यामुळं क्षितिज सरळच दिसतं. वैमानिकाला वाटतं, वेग वाढतोच आहे.

म्हणजे कलणं आणि वेग घेणं यांतला फरक कानाला कळत नाही. अगदी सावकाश कललो, तर तेही कळत नाही. सिम्युलेटरमध्ये हे सोयीचं. काळोख्या आकाशात जीवघेणं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. विमान सरळ असताना कॅप्टनसमोरचं कलदर्शक यंत्र ते उजवीकडं कललेलं दाखवत होतं. त्यांनी ते डावीकडं कलवत नेलं. बाहेर अंधार होता, क्षितिज दिसत नव्हतं.

मी कवितेचा माणूस. आतून जे वाटतं, त्यावर माझी सारी भिस्त. वैमानिकाला ही चैन परवडत नाही. एका यंत्रावरही विसंबून चालत नाही. सहवैमानिकासमोरचं आणि तिसरं राखीव यंत्र त्याला ताडून पाहावं लागतं. सिम्युलेटरमध्ये असा बिघाड मुद्दाम घडवतात आणि ही सवय लावतात. तिथं चुकलं तर दिवे लागतात, खोली थांबते आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो.