संगणक साक्षरता: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मूल मोबाइल सफाईने हाताळते, त्याअर्थी ते डिजिटल साक्षर आहे, हा समज पालकांमध्ये आणि शाळांमध्येही खोलवर रुजलेला आहे. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये एका निबंधात संगणकयुगात जन्मलेल्या पिढीला ‘डिजिटल नेटिव्ह’, म्हणजे या जगाचे उपजत रहिवासी, असे नाव दिले आणि या समजाला प्रतिष्ठा मिळाली. प्रत्यक्ष पाहणीतून मात्र वेगळे चित्र दिसते. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी २०२३ मध्ये ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि जवळजवळ तितक्याच जणांनी तो वापरता येतो असे सांगितले. परंतु ज्यांना चाचणीसाठी फोन आणता आला, त्यांना नकाशाच्या ॲपवरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास किती वेळ लागेल हे शोधायला सांगितल्यावर एकतृतीयांशाहून थोड्याच अधिक जणांना ते जमले. पुढच्या वर्षीच्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनाच आपले खाते खासगी कसे करायचे हे ठाऊक होते.

या तफावतीचे एक कारण फोनच्या रचनेतच आहे. छायाचित्र, प्रकल्पाचा मजकूर किंवा शिक्षकांनी पाठवलेली प्रश्नपत्रिका कोठे साठवली गेली हे फोनवरील ॲप सहसा दाखवीत नाही, त्यामुळे फाइल, ती ठेवण्याचे फोल्डर आणि फाइलचा प्रकार सांगणारे नावामागचे शेपूट या प्राथमिक संकल्पनाच विद्यार्थ्याच्या मनात तयार होत नाहीत. त्यातूनच ‘क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हा दुसरा गैरसमज निर्माण होतो. क्लाउड म्हणजे कंपनीच्या दूरवरच्या संगणकांवरील साठवण. आणि फोन व क्लाउड यांतील मजकूर आपोआप एकसारखा ठेवण्याची सोय, म्हणजे सिंक, चालू असेल तर फोनवरून पुसलेली फाइल तिकडूनही जाते, हे अनेकांना नुकसान झाल्यावरच कळते. महत्त्वाच्या कामाची वेगळ्या ठिकाणी ठेवलेली स्वतंत्र प्रत हाच खरा बॅकअप होय.

‘संगणक शिकायचा तर आधी इंग्रजी पक्के हवे’ हा समज मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान करतो आणि म्हणूनच त्याकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्येच भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित केला आणि विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत तो विनामूल्य उपलब्ध असतो. त्याची मांडणी वर्णमालेवर आधारलेली आहे: डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने, ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘त’ची दाबली की ‘थ’, ‘प’ची दाबली की ‘फ’, आणि काना देणारीच कळ शिफ्टसह ‘आ’ देते. जोडाक्षर उच्चाराच्या क्रमानेच लिहिले जाते, म्हणजे ‘क्ष’साठी क, हलन्त आणि ष, जुन्या टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी द्यावी लागे, येथे ती बोलण्याप्रमाणे नंतर येते. ज्या मुलाला मुळाक्षरे येतात, त्याला हा कळफलक थोड्या सरावाने येऊ शकतो. रोमन लिपीत उच्चार लिहून मराठी मिळवण्याची पद्धत सुरुवातीला सोयीची असली, तरी तिच्यात ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय बहुधा यंत्र घेते आणि शुद्धलेखनाची जाण मुलापासून दूर जाते, हा तोटा लहान नाही.

याला जोडूनच फॉन्टविषयीचा गोंधळ येतो. मराठी अक्षर पडद्यावर नीट दिसले की ते संगणकाला मराठी म्हणून कळले, असे मानले जाते. जुन्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि त्या मजकुरात देवनागरी शब्द शोधताही येत नाही. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक मानकाने प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मूळ पट्टा राखून ठेवला आहे. शाळेचे सर्व मराठी काम युनिकोडमध्येच व्हावे, याबाबत आता दुमत असण्याचे कारण नाही.

माहितीच्या खरेपणाविषयीचे गैरसमज अधिक धोक्याचे आहेत. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की स्थळ विश्वासार्ह, असे मानतात. ते चिन्ह केवळ आपण आणि ते स्थळ यांतील देवाणघेवाण सांकेतिक रूपात होत असल्याचे सांगते, स्थळ चालवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी काहीही सांगत नाही. याच गैरसमजामुळे क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात ३,४४६ शालेय विद्यार्थ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांना एका संकेतस्थळावरील बातमी आणि ‘प्रायोजित’ असे लिहिलेली जाहिरात यांतील फरक ओळखता आला नाही. व्यावसायिक तथ्यतपासनीस संशयास्पद पानावर रेंगाळत नाहीत. ते दुसरी खिडकी उघडून त्या स्थळाविषयी इतर काय म्हणतात हे आधी पाहतात, आणि ही रीत वर्गात शिकवता येते.

यंत्रे वाटली की शिक्षण सुधारते, हा शासकीय योजनांमागील समजही तपासावा लागतो. पेरू देशातील ग्रामीण शाळांत मुलांना लॅपटॉप दिल्यानंतर झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम आढळला नाही. यंत्र आवश्यक आहेच, परंतु त्याच्याबरोबर शिकवणारा शिक्षक आणि निश्चित अभ्यासक्रम नसेल तर संगणक कक्ष नुसता उभा राहतो.

आज अनेक घरांत आजीआजोबांच्या फोनवरील व्यवहार शाळकरी मुलेच करून देतात, म्हणून एक गोष्ट त्यांना निश्चित ठाऊक हवी: यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही, पैसे मिळणार असे सांगून पिन मागितला जात असेल तर ते खात्यातून जाणार आहेत, आणि फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वीच ती रोखता येण्याची शक्यता असते.