थिबा राजाची थोरली लेक

रत्नागिरीस गेलेला प्रवासी थिबा राजवाडा पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. कोरीव लाकडी खिडक्यांची ती भव्य वास्तु आणि समोर पसरलेली भाट्याची खाडी पाहून तो ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाबद्दल क्षणभर हळहळतो. आम्हांस मात्र राजापेक्षां त्याच्या थोरल्या लेकीची हकीगत अधिक चटका लावते. राजा तेथें कैदी म्हणून आला व कैदी म्हणूनच मेला. लेकही कैद्याची मुलगी म्हणूनच आली, परंतु ती रत्नागिरीकरांची आजी होऊन राहिली.

१८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडाले घेतलें, तेव्हां राजकन्या फया जी अवघी पांच वर्षांची होती. मद्रासेस कांहीं महिने काढून १८८६ च्या एप्रिलांत हें कुटुंब रत्नागिरीस पोंचलें. आजचा राजवाडा पुरा झाला तो १९१० सालीं. तोंपर्यंत मंडळी सरकारनें दिलेल्या बंगल्यांत राहत होती. म्हणजे या मुलीचें सारें बालपण आणि तारुण्य परक्याच्या छपराखालीं गेलें. तिच्या कानांवर घरांत ब्राह्मी भाषा पडे आणि गडीमाणसांच्या तोंडून कोंकणांतली मराठी. दोन्ही तिला सारख्याच आपल्याशा झाल्या असल्यास नवल नाहीं.

उपवर मुली घरांत असल्या म्हणजे आईबापांची झोंप उडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. थिबाच्या घरीं तर चार मुली! वर राजवंशांतलाच हवा हा राणी सुपयालतचा हट्ट, आणि असा वर रत्नागिरीस कोठून यावा? थोरली पंचविशीला आली. अखेर देवडीवरचा पहारेकरी गोपाळ सावंत याच्यावर तिचें मन जडलें आणि १९०६ मध्यें तिला कन्या झाली. गोपाळ आधींच विवाहित होता. हें वाचून आमच्यापैकीं पुष्कळांच्या भुंवया वर चढतील. चढोत बापड्या! ज्या मुलीचें लग्न करणें ना बापास साधलें ना सरकारास, तिच्या नांवानें बोटें मोडण्याचा अधिकार कोणास पोंचतो, हें मात्र आम्हांस कळत नाहीं.

१९१६ च्या डिसेंबरांत राजा वारला. १९१९ मध्यें सरकारनें कुटुंबास मायदेशीं जाऊं दिलें, परंतु मंडालेस नव्हे, रंगूनला. फया जीही मुलीस घेऊन गेली आणि लौकरच रत्नागिरीस परत आली.

या परतण्याचा अर्थ आमच्या घरांतील वृद्धांस इतरांहून लौकर उमगेल. आठव्या-दहाव्या वर्षीं सासरीं आलेल्या आज्या आपण पाहिल्या आहेत. माहेर त्यांच्या तोंडीं अखंड असे. पण माहेरीं गेल्या कीं चार दिवसांत त्यांचा जीव इकडच्या तुळशीपाशीं घुटमळूं लागे. फया जीच्या बाबतींत तर ज्याला माहेर म्हणावें तें घरच उरलें नव्हतें. मंडालेच्या राजवाड्याचा इंग्रजांनीं लष्करी किल्ला केला होता, आणि १९४५ मध्यें युद्धांत तोही जळाला. तिचीं मायेचीं माणसें आतां रत्नागिरीस होतीं. बोलाचालीची भाषाही तेथलीच.

तेथें तिला सुख लाभलें असें मात्र कोणीं समजूं नये. सरकारी वेतन अपुरें आणि ओढगस्त कायमची. अशा स्थितींत १९४७ मध्यें तिनें डोळे मिटले. पुढें वर्ष उलटण्यापूर्वींच, ४ जानेवारी १९४८ रोजीं, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला.

तिची मुलगी टुटू हिला मराठीवांचून दुसरी भाषा बोलतां येत नसे. राजाची ही नात एका मोटारचालकाशीं लग्न करून रत्नागिरींतच संसारास लागली. घरीं मुलेंबाळें पुष्कळ, मिळकत थोडी. तेव्हां गोवऱ्या थापून विकाव्या, कागदाचीं फुलें करून विकावीं, आणि तशांतही परक्याचें पोर उपाशी दिसलें तर त्याला पंक्तीस बसवावें, असा तिचा शिरस्ता. गांवांत तिच्याबद्दल जिव्हाळा होता. लोक राजाचा वंश म्हणून तिला पाहावयास येत आणि समोर एक साधी कोंकणी बाई पाहून थक्क होत. २००० सालीं ती वारली.

पुढें तेथेंच असलेल्या थिबाच्या समाधीस वंदन करण्याकरितां २०१२ च्या डिसेंबरांत ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले. फया जीचीं नातवंडें तोंवर स्वतःच आजेपणास पोंचलीं होतीं, आणि त्यांच्या घरांत मराठीच बोलली जात होती.