गुडघेदुखी : बसून राहू नका

‘तुमचे गुडघे झिजलेत’ एवढे ऐकून माणूस दवाखान्यातून बाहेर पडतो आणि त्या दिवसापासून चालणे कमी करतो. त्याचा हिशेब सरळ असतो. चपलेचा तळ चालून झिजतो, तसाच गुडघाही झिजला. मग उरलेला जपून वापरायला हवा. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून हा हिशेब मी रोज ऐकतो. तो चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे, म्हणून आज त्याविषयीच बोलणार आहे.

या विकाराचे नाव ऑस्टिओआर्थरायटिस. आमवातात सकाळी सांधे बराच वेळ आखडलेले राहतात. या विकारात तो ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. त्रास होतो तो जिना चढता-उतरताना आणि बसून उठताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा विकार होता आणि त्यात गुडघ्याचे रुग्ण सर्वांत जास्त होते.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिचे पोषण कसे होते? सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून. स्पंज दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की आत शिरते. पाऊल टाकले की कूर्चा तशीच दाबली जाते, उचलले की मोकळी होते आणि द्रवाची ये-जा सुरू राहते. चपलेला ही सोय नाही!

गुडघ्याचा दुसरा आधार म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. चालताना बसणारा धक्का तो झेलतो. बसून राहिले की हा स्नायू रोडावतो, सांध्यावरचा ताण वाढतो, दुखणे वाढते आणि माणूस आणखी बसतो. आधी देवळात जाणे सुटते, मग शेजारी जाणे, शेवटी जिना उतरणेही. वजन वाढते, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे अवघड होते.

मग करायचे काय? खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळा, मनात पाच आकडे मोजा आणि पाय सावकाश खाली ठेवा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट रस्त्यावर दहा मिनिटांनी चालायला सुरुवात करा आणि वेळ हळूहळू वाढवा. सुरुवातीला थोडे दुखेल. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर व्यायामाचे प्रमाण योग्य आहे असे समजा. नाही झाले, तर थोडे कमी करा; बंद करू नका.

वजन जास्त असेल तर तेही उतरवा. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलाला वीस किलोंची सुटका!

घरातही थोडे बदल करावे लागतात. उकिडवे बसणे टाळा. भाजी जमिनीवर बसून निवडण्याऐवजी टेबलाशी बसून निवडा. शौचालयात कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. काठी घ्यायची लाज वाटू देऊ नका. मात्र ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा.

औषधांमध्ये आधी वर लावायचे वेदनाशामक मलम वापरून पाहावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर दुकानातून आणून महिनोन् महिने घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. त्या घेऊ नका. मात्र आधीपासून घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

सांधेबदलाचा निर्णय केवळ एक्स-रे पाहून होत नाही. फोटोत खूप झीज दिसूनही नीट चालणारे अनेकजण असतात. सर्व उपाय करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणेही कठीण झाले असेल, तर या शस्त्रक्रियेने उत्तम आराम मिळतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादाही घातली. शस्त्रक्रियेनंतरही मांडीचे व्यायाम चुकत नाहीत.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पायावर भार देता येईना, तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एरवी आज संध्याकाळी दहा मिनिटे चालून यायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाच्या आधारे)