गोळी केवढी, यापेक्षा ती कशाची?

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत नोव्हेंबर उजाडला, की रायफलने हरणांची शिकार करण्याचा हंगाम येतो. परवाना काढून, ठरवून दिलेल्या दिवसांत लोक रानात जातात आणि पुढे कित्येक महिने पुरेल इतके मांस फ्रीझरमध्ये भरून ठेवतात. त्यातला वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांना देण्याचीही रीत आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इथे हा विषय सहसा निघत नाही. पण तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरात असे खिम्याचे पाकीट भेट म्हणून आले, तर एक प्रश्न जरूर विचारावा. हरीण ज्या गोळीने मारले, ती कशाची होती?

शिकारी मंडळींत चर्चा रंगते ती काडतूस कोणते आणि गोळी किती वजनाची यावर. गोळीचे वजन ‘ग्रेन’ या जुन्या मापात सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. उदाहरणादाखल ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस घेऊ. अमेरिकी लष्करासाठी १९०६ मध्ये आलेले हे काडतूस आजही शिकारीत लोकप्रिय आहे. त्यातली १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला साधारण ८८० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. १८० ग्रेनची जड गोळी ८२० मीटरच्या आसपास वेग गाठते. वजन आणि वेगाच्या वर्गावरून हिशेब केला, तर दोघींची ऊर्जा जवळजवळ सारखीच, ३,८०० ते ४,००० ज्यूल भरते. फरक पडतो तो शिरकावात. जड गोळी अंगात अधिक खोल जाते. म्हणून हरणासाठी १५० ग्रेन आणि एल्क किंवा मूससारख्या थोराड जनावरासाठी १८० ग्रेन, असा ढोबळ नियम रूढ आहे.

मात्र या हिशेबात गोळीचा धातू येत नाही, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

शिकारीच्या नेहमीच्या गोळीचा गाभा शिशाचा असतो आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण असते. अंगात शिरताच ती भूछत्रासारखी फुलते. जखम रुंद होते आणि जनावर तडफडत न राहता लवकर मरते, हा त्यामागचा हेतू. पण शिसे मऊ असते. फुलताना त्याचे तुकडे उडतात. वेग जितका जास्त आणि हाड आडवे आले, तितके तुकडे अधिक. म्हणजे जोरदार काडतूस आणि हलकी, वेगवान शिशाची गोळी अशी जोडी जवळच्या अंतरावर वापरली, तर मांसात शिसे जास्त विखुरते.

हे किती होते, याचे मोजमाप २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. शिशाच्या गोळीने मारलेल्या ३० हरणांची आतडी काढून संशोधकांनी क्ष-किरण चित्रे घेतली. प्रत्येक हरणात धातूचे तुकडे सापडले. कमीत कमी १५, जास्तीत जास्त ४०९. मग मांस नेहमीच्या खाटकांकडून कापून आणि दळून घेतले. खिम्याच्या २३४ पाकिटांपैकी जवळपास एक तृतीयांश पाकिटांत तुकडे निघाले. असे मांस डुकरांना खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रक्तातील शिसे वाढले. म्हणजे हे तुकडे पोटातून नुसते पार होत नाहीत. काही शिसे रक्तात उतरते.

माणसांचे काय? नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसे आढळले आणि तो फेकून देण्याची सूचना निघाली. त्यानंतर सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासण्यात आले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला सरासरी ०.३ मायक्रोग्रॅमने जास्त होते. आकडा छोटा आहे आणि धडधाकट प्रौढाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र शिशाची सुरक्षित अशी पातळी आजवर ठरवता आलेली नाही. ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, गर्भवतीकडून बाळाकडे जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते.

माणसाआधी हा फटका बसला तो पक्ष्यांना. कॅलिफोर्नियाचा कॉन्डोर हे गिधाड १९८२ मध्ये जेमतेम २२ उरले होते. शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी खाऊन त्याला शिशाची विषबाधा होते. रानात सोडलेल्या कॉन्डोरांच्या मृत्यूचे ते आजही प्रमुख कारण आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे आपली गिधाडे कशी गेली, हे आपण पाहिले आहेच. मार्ग तोच, मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली.

पर्याय आहे, अखंड तांब्याच्या गोळीचा. ती फुलते, पण सहसा फुटत नाही; जवळजवळ सगळे वजन टिकवते. त्यामुळे वजनाचा जुना नियमही बदलतो. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही रायफलींच्या नळीतील पेच तिला स्थिर ठेवण्यास अपुरा पडतो. म्हणून जिथे शिशाची १८० ग्रेनची गोळी लागे, तिथे तांब्याची १५० किंवा १६५ ग्रेनची पुरते. ती बहुधा महाग पडते, खूप लांबवर वेग मंदावला तर नीट फुलत नाही आणि आपल्या रायफलीतून आधी नेम तपासून घ्यावा लागतो. पण या अडचणींवर तोडगा निघतो. रक्तातले शिसे मात्र सहजी निघत नाही.

गोळी शिशाची होती असे कळले, किंवा काहीच कळले नाही, तर काय करावे? खिमा टाळावा, जखमेपासून दूरचा अखंड तुकडा त्यापेक्षा बरा. जखमेभोवतीचे मांस शिकाऱ्याने सढळ हाताने कापून टाकावे, कारण बारीक कण फूटभर लांबही सापडले आहेत. मांस धुण्यावर विसंबू नये. धुताना कण उरलेल्या मांसावर पसरतात. व्हिनेगरसारख्या आंबटात शिसे अधिक विरघळते, तेव्हा आंबट मसाल्यात मुरवणेही नको. गर्भवतींनी आणि सहा वर्षांखालील मुलांनी असे मांस खाऊच नये.

शेजाऱ्याला विचारायला संकोच वाटेल. पण चांगल्या शिकाऱ्याला आपल्या गोळीविषयी बोलायला आवडते. वजन तो आपणहून सांगेल. धातू आपण विचारायचा.