चंदीगडचा सूर आणि चीनचे यमक

चंदीगडच्या सतरा सेक्टरातील बाजारात दुकानदार एखाद्या वडीलधाऱ्या सरदारजींना मोठ्या अदबीने 'पाजी' म्हणून हाक मारतो, तेव्हा नवख्या मराठी गृहस्थाचे कान टवकारतात. आपल्याकडे या शब्दाने कोणाची संभावना होते, हे सांगावयास नकोच. वस्तुतः गुरुमुखीत तो शब्द 'भाजी' असा लिहितात. घ, झ, ढ, ध, भ हे वर्ण शब्दारंभी आले असता त्यांचा घोष आणि हकार पंजाबी जिभेने केव्हाच सोडून दिला असून, त्याच्या मोबदल्यात पुढील स्वर खालच्या पट्टीत उतरविला आहे. ती पट्टी आपल्या कानास उमगत नाही, म्हणून हाती उरतो तो नुसता 'पा'. 'घर' आणि 'कर' यांतही तेथे भेद उरला आहे तो सुराचाच.

चीनमध्ये हाच व्यवहार फार पूर्वी घडला. 'पूर्व' या अर्थाचा शब्द 'त'ने आणि 'समान' या अर्थाचा 'द'ने आरंभ होई. दोहोंचे यमक एक, सूरही एक. उत्तरेकडे 'द'चा घोष लोपला आणि तो भेद सुरात जाऊन बसला. शांघायच्या मुलुखात घोष अद्याप पुष्कळसा शाबूत आहे.

परंतु ज्या लिपीत वर्णच नाहीत, तिच्यातून जुना उच्चार हुडकावा कसा? त्याचा दाखला यमककोशांत सापडतो. लू फायान याच्या घरी एका सायंकाळी आठ विद्वान जमले, आणि एका प्रांतात निराळी असलेली यमके दुसऱ्या प्रांतात एकजीव झाली आहेत, अशा तक्रारींवर त्यांचा खल झाला. त्या चर्चेच्या टिपणांवरून त्याने इ.स. 601 मध्ये 'छिएयुन' हा कोश सिद्ध केला. त्यात यमकांचे 193 वर्ग आहेत. इतके सूक्ष्म भेद कोणा एका गावच्या बोलीत नांदत असतील, असे मला वाटत नाही. कवींची त्यात कुचंबणा होऊ लागली, तेव्हा तांग अमदानीत शेजारची यमके एकत्र योजण्याची मुभा मिळाली. 1324 साली चौ द-छिंग याने उत्तरेची बोलती जीभ प्रमाण मानून अवघे 19 वर्ग ठरविले. सरकारी परीक्षांतील काव्य मात्र पुढेही 106 वर्गांच्या दप्तरी यमकालाच बांधलेले राहिले.

गुरुमुखीला असल्या कोशाची गरज पडली नाही, कारण तिची अक्षरेच जुन्या उच्चाराचा दस्तऐवज आहेत. चंदीगडच्या नावातील 'गढ' पाहावा: तेथे शब्दान्तीचा हकार गळाला आणि आधीचा स्वर वरच्या पट्टीत चढला, तरी 'ड़'खाली 'ह' लिहिलाच जातो. आपण 'गड' म्हणताना तोच हकार टाकला, पण सूर काही चढविला नाही.