सगळीच चॉकलेटं चॉकलेट नसतात!

दोस्तांनो, वर्गात कुणाचा वाढदिवस असला की काय वाटतात? चॉकलेटं! मग ती लिमलेटची गोळी असो, टॉफी असो, नाहीतर चंदेरी कागदातली वडी. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘चॉकलेट’ म्हणायची पद्धत! पण खऱ्या चॉकलेटची खूण एकच. ते कोकोच्या बियांपासून बनतं.

कोकोची फळं फणसासारखी थेट खोडावर लागतात. केरळ आणि आंध्र प्रदेशात नारळाच्या बागांमध्ये ही झाडं लावतात. फळातल्या बिया काही दिवस आंबवतात, वाळवतात, भाजतात आणि सालं काढून दळतात. बियांमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते. त्यामुळे दळल्यावर पीठ होत नाही, दाट तपकिरी लगदा होतो. लगदा दाबून पिळला की फिकट पिवळी चरबी वेगळी निघते. तिचं नाव कोको बटर. नावात बटर असलं तरी दुधाशी तिचा काही संबंध नाही बरं का! उरलेल्या चोथ्याची होते कोको पावडर. ही युक्ती हॉलंडमधल्या व्हॅन हौटेन यांच्या कारखान्यातली. तिचं पेटंट १८२८ सालचं.

आता चॉकलेटचे प्रकार पाहू.

डार्क चॉकलेट : कोकोचा लगदा, कोको बटर आणि साखर. वेष्टनावर ७० टक्के लिहिलं असेल तर १०० ग्रॅममधले ७० ग्रॅम कोकोच्या बियांतून आलेले. उरलेली बहुतेक साखर. म्हणून ते कडवट लागतं.

मिल्क चॉकलेट : यात दूधही असतं. पण दुधातलं पाणी आणि कोकोतली चरबी यांचं काही केल्या जमेना! स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी आटवलेलं दूध वापरून १८७५ च्या सुमारास ते जमवलं.

व्हाइट चॉकलेट : कोको बटर, दुधाची पावडर आणि साखर. कोकोचा तपकिरी भाग यात नसतोच. मग रंग कुठून येणार?

आणि चौथा प्रकार? तो चॉकलेटच्या वेषातला पाहुणा! त्याला ‘कंपाउंड’ म्हणतात. कोको बटर महाग, म्हणून त्याच्या जागी पामसारख्या तेलांपासून केलेली स्वस्त चरबी घालतात. रंग-चवीसाठी थोडी कोको पावडर. केकवरच्या नक्षीला आणि आइस्क्रीमच्या आवरणाला हे बऱ्याचदा वापरतात. ते काही विष नाही. पण चॉकलेटचे पैसे मोजून कंपाउंड कशाला घ्यायचं?

मग ओळखायचं कसं? कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं आणि आपलं तोंड असतं ३७ अंशांच्या जवळपास. म्हणून चांगलं चॉकलेट जिभेवर आपोआप विरघळतं. कंपाउंड खाल्ल्यावर पुष्कळदा टाळूला मेणचट थर जाणवतो.

खात्रीचा उपाय म्हणजे वेष्टन वाचणं. त्यावर घटकांची यादी असते. जो पदार्थ सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी. तिथे ‘कोको बटर’ आहे का, बघा. खऱ्या चॉकलेटातही थोडी वनस्पतिजन्य चरबी चालते. पण कोकोच्या लगद्याचं आणि कोको बटरचं नावच नसेल, नुसतं ‘व्हेजिटेबल फॅट’ असेल, तर समजा, पाहुणा आला! आणि पहिलं नाव साखरेचं असेल, तर एका वेळी किती खायचं ते तुम्हीच ठरवा.

जाता जाता दोन गोष्टी. उन्हाळ्यात वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरका थर येतो. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. असं चॉकलेट खायला हरकत नाही. पण घरच्या कुत्र्याला मात्र चॉकलेट चुकूनही देऊ नका. कोकोतलं थिओब्रोमिन त्याला पचत नाही, जिवावर बेतू शकतं. जितकं डार्क, तितका धोका जास्त!

आता पुढच्या वेळी दुकानात गेलात की आईबाबांच्या आधी तुम्हीच यादी वाचा. पाहा, किती पाहुणे सापडतात ते!