टाचेला फक्की

पहाटे ५:३०
धामणगाव बढे अजून अंधारात आहे. शाळेच्या पटांगणात मात्र पावलं वाजतायत. भरतीची पोरं. सोळाशे मीटर, मग शंभर मीटर, मग गोळा. दिवाळी होऊन गेलीय, थंडी पडलीय. पोरांच्या तोंडातून वाफ निघतेय. शंभर मीटरला जो पुढं निघतो, त्याच्यावर माझी नजर आहे. मला आज रग्बीला विंगर हवाय.

सकाळी ६:३०
काका सायकलवर आले. धंद्यानं गवंडी. कॅरिअरला पहार, हँडलला घमेलं. पिशवीत सुतळी, टेप, हातोडी, खुंट्या. फक्कीची चार पोती कालच आणून ठेवलीत. पंचवीस किलोचं एक, दोनशे रुपयांना. काकांचा रोज सातशे. पैसे आम्ही मास्तरांनी वर्गणी काढून जमवले.
"खो-खोचं आखायचं का कबड्डीचं?"
"रग्बीचं, काका. लांबोडका बॉल असतो. तो घेऊन पळायचं आणि पलीकडच्या रेषेमागं जमिनीला टेकवायचा."
"अन् मधात धरलं तर?"
"खाली पाडतात."
"मंग ही कबड्डीच झाली ना, मास्तर."

सकाळी ७:१५
मोठं मैदान शंभर मीटर लांब, सत्तर मीटर रुंद. आमच्या पटांगणात तेवढं मावत नाही. साठ बाय चाळीस धरलं. काकांनी पहिली खुंटी ठोकली. एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार, तिरपं माप बरोबर पाच. कोपरा गुण्यात आला. "घराचा पाया असाच धरतो," ते म्हणाले. मग सुतळीनं दोन्ही कर्ण ताडून पाहिले. एक चार बोटं जास्त भरला. मी म्हटलं, चालेल. काकांनी खुंटी उपटली आणि पुन्हा ठोकली.

सकाळी ८:३०
पत्र्याचा डबा, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं. डबा हलवत काका सुतळीच्या कडेनं वाकून चालतात. चार बाजू, मधली रेष, दोन्ही टोकांना बाहेरून पाच-पाच मीटरची पट्टी. एकूण तीनशे चाळीस मीटर. दहा-बारा पावलांवर कंबर सरळ करतात, मागं वळून रेष पाहतात. वेचणीला निघालेल्या बाया थबकतात.
"कोणाचं लगन हाय?"
"पोट्ट्यांचा खेळ हाय," काका मान वर न करता सांगतात.

सकाळी ११:००
लिंबाखाली भाकरी, ठेचा, मग चहा. काकांनी विचारलं, "या खेळात कमाई किती?"
मी खरं ते सांगितलं. १९९५ सालच्या ऑगस्टपर्यंत रग्बी युनियन या प्रकारात खेळाडूनं पैसे घेणंच मना होतं. त्याच वर्षी जूनमध्ये जोना लोमू हा न्यूझीलंडचा विंगर केपटाऊनला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडवर चार ट्राय करून गेला, म्हणजे चारदा रेषेमागं बॉल टेकवला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.
"अन् आपल्याकडं?"
आपल्याकडं राहुल बोस. मुंबईत वाढलेला. सिनेमातला नट म्हणून लोक त्याला ओळखतात. भारताचा संघ १९९८ साली पहिल्यांदा आशियाई रग्बी स्पर्धेत उतरला, त्या संघात तो होता. कधी स्क्रम-हाफ, कधी उजवा विंगर. दहाएक वर्षं देशासाठी खेळला. पोट सिनेमावर. खेळणं थांबलं, पण खेळ सुटला नाही. पुढं तो देशाच्या रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला.
"विंगर म्हंजे?"
"कडेचा गडी. या तुमच्या रेषेला लागून उभा राहतो. पुष्कळदा बॉल त्याच्याकडं येतच नाही. आला की मात्र पळायचं. बाजूला हातभर जागा असते, तेवढ्यातूनच. रेषेवर पाय पडला की बाद."
काकांनी कप खाली ठेवला. उठून उजव्या बाजूची रेष पुन्हा एकदा पाहून आले.

दुपारी १:३०
गोलच्या खांबांसाठी चार खड्डे, दीड-दीड हात खोल. वरची माती पहारेनं फुटते, खाली मुरूम लागतो. पहार खणकन वाजते, हाताला झिणझिण्या येतात. दोन खांबांत अंतर पाच मीटर साठ सेंटिमीटर, आडवा बांबू तीन मीटरवर. सहा बांबू उसने आणलेत, परत द्यायचेत. म्हणून खिळा नाही, सुंभानं बांधले.

दुपारी ४:३०
शाळा सुटली. बॉल बाहेर काढला. वजन साडेचारशे ग्रॅमच्या आत. टप्पा पडला की भलतीकडंच उडतो. पोरं हसत त्याच्यामागं धावतात. भरतीतली दोघं आलीत. नववीतली एक पोरगी कडेला उभी होती.
"सर, पोरी खेळतात का हे?"
"२०१९ साली भारताच्या पोरींनी मनिलात सिंगापूरला हरवलं. एकवीस-एकोणीस."
तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. मी तिला उजव्या कडेला उभं केलं. पाडापाडी आज नाही. हात लागला की थांबायचं.

सायंकाळी ५:४०
वीस मिनिटं तिच्याकडं बॉल आला नाही. ती जागा सोडून आत आली नाही. मग आला. समोर दोघं. आत वळायला वाट नव्हती. ती कडेनंच निघाली, दोघांना मागं टाकलं आणि कोपऱ्यात बॉल टेकवला. पोरांनी एकच गलका केला. "रेषेवर पाय होता!" दुसरी बाजू ओरडली.
काका पुढं झाले. "पाय दाखव, माय."
तिनं उजवा पाय उचलला. टाचेला पांढरी फक्की.
ती काही बोलली नाही. टाच झटकली, परत जाऊन कडेला उभी राहिली.

सायंकाळी ६:१५
अंधार पडतोय. काकांच्या हातात सातशे रुपये दिले. त्यांनी मोजून खिशात ठेवले. उरलेली अर्धं पोतं फक्की ऑफिसात ठेवायला लावली. मग डबा घेऊन कोपऱ्यात गेले. टाचेनं पुसलेली वीतभर रेष भरली, आणि सायकल काढली.